शेजारच्या काकांचं रेसचं इंजिन: हा ब्लॉक नेमका कुठला?

हुरॉनकाठी | ४ ऑक्टोबर

मंडळी नमस्कार. मी मिशिगनमध्ये यप्सिलांटीजवळ राहतो. पेशाने सॉफ्टवेअरवाला, इंजिनाशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता. तरीही गेल्या शनिवारपासून माझ्या गॅरेजमध्ये, जिथं दिवाळीचं सामान ठेवतो त्या जागी, एक व्ही-८ इंजिनाचा नागडा ब्लॉक पडला आहे. हेड नाही, क्रँक नाही, पिस्टन नाहीत. नुसता लोखंडी ठोकळा. आम्ही चौघांनी मिळून उतरवला, त्यातल्या एकाची पाठ अजून धरलेली आहे.

शेजारचे काका (अमेरिकनच, पण आमच्या घरात सगळे त्यांना काकाच म्हणायचे) वसंतात गेले. काकू आता मुलीकडे ओहायोला राहायला गेल्या. घर रिकामं करताना त्यांच्या पुतण्यानं हा ब्लॉक भंगारात काढला होता. माझा मुलगा लहानपणापासून त्या गॅरेजमध्ये पडीक असायचा, म्हणून म्हटलं आम्हाला द्या. आता तोच पुतण्या सांगतो की हे इंजिन डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरमधलं आहे आणि आपण ते फार स्वस्तात सोडलं!

काका तरुणपणी ड्रॅग रेस करायचे एवढं खरं. भिंतीवर फोटो होता. पण इंजिन कुठलं, कोणत्या गाडीतलं, कोणत्या सालचं, हे कसं शोधायचं? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

आगाऊ | ४ ऑक्टोबर

आधी सांगा, वहिनी काय म्हणाल्या?

हुरॉनकाठी | ४ ऑक्टोबर

पणत्यांचा खोका कुठे गेला, असं म्हणाल्या.

चौथा_गिअर | ४ ऑक्टोबर

ज्यांना ड्रॅग रेस म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे १३२० फूट, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, ओव्हरटेक नाही. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते तीच जात.

गार्लिट्स म्हणजे या खेळातला देवमाणूस. १९६४ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत त्यानं ताशी २०१.३४ मैल वेगाची अधिकृत नोंद केली. त्याच्या गाड्यांचं नाव 'स्वॉम्प रॅट', म्हणजे दलदलीतला उंदीर. त्यामुळे अमेरिकेतल्या प्रत्येक गोठ्यात सापडलेलं जुनं क्रायस्लर इंजिन गार्लिट्सचंच असतं. आपल्याकडे प्रत्येक वाड्यातली तलवार पानिपतावर जाऊन आलेली असते, तसं.

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | ५ ऑक्टोबर

चौथा_गिअर, तलवारीशी सहमत.

हुरॉनकाठी, गोष्ट बाजूला ठेवा आणि ब्लॉक काय बोलतो ते बघा. आधी तो क्रायस्लरचा आहे का तेच ठरवू. फिरकीचं भोक, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर बसायची जागा, मागच्या बाजूला आहे का? मागे असेल तर जुन्या क्रायस्लर हेमीची शक्यता आहे. १९५१ ते १९५८ या काळात क्रायस्लरनं फायरपॉवर नावाची इंजिनं काढली, ज्वलनकक्ष अर्धगोल म्हणून हेमी. आकार तीन: ३३१, ३५४ आणि ३९२ घन इंच. डॉज आणि डिसोटोची हेमी वेगळी, त्यांचे भाग याला बसत नाहीत.

ओळख अशी. १९५१ ते ५३ च्या ३३१ ला मागे गिअरबॉक्सच्या बाजूला ब्लॉकबरोबरच ओतलेली लांब घंटा, म्हणजे घंटेच्या आकाराचं आवरण, असते. ती नसेल तर नंतरचा. मग बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मोजा. ३३१ चा ३.८१ इंच, ३५४ चा ३.९४, ३९२ चा बरोबर ४, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. ३९२ उंचीलाही बाकी दोघांपेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त.

आणि नंबर शोधा. ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, वरती, वॉटर पंपाच्या मागे एक सपाट पट्टी असते.

पुणेरी_टोमणा | ५ ऑक्टोबर

धाग्यात आत्तापर्यंत 'ब्लॉक' हा शब्द दहाएक वेळा आला. आम्ही फ्लॅटलाही ब्लॉक म्हणणारे लोक. मी दोन प्रतिसाद वाचेपर्यंत जागेच्या व्यवहाराची चर्चा समजत होतो. ठोकळा म्हणायला काय हरकत आहे?

बिडाचा_माणूस | ५ ऑक्टोबर

ठोकळा न्हवं ओ, त्याच्या आत काय काय पोकळ्या असत्यात ते बघितलं तर ठोकळा म्हणवायचं न्हाई तुम्हाला. आम्ही फौंड्रीवाले ब्लॉकच म्हणतो.

मी शिरोलीचा, कोल्हापूर. आमचा धंदा ओतकामाचा. भावा, एक मंत्र सांगतो, वहीत लिहून घे. बिडावर तीन तऱ्हेची अक्षरं असत्यात.

एक, उठावाची. वर आलेली. ती साच्यातनंच येत्यात, म्हंजे पॅटर्नवर अक्षरं लावलेली असत्यात. ती फौंड्रीची. त्यात भागाचा नंबर आणि ओतल्याची तारीख असती. तारखेचे आकडे रोज बदलायचे असत्यात, म्हणून बाकीच्या अक्षरांपेक्षा ते जरा वाकडे बसल्यालं दिसतील.

दोन, ठोकलेली पण ओळीत. एका उंचीची, एका खोलीची. ती कारखान्यात इंजिन जोडल्यावर ठोकत्यात.

तीन, ठोकलेली पण वेडीवाकडी. एक खोल, एक उथळ. ती मशीन शॉपवाल्याची. हातात हातोडी आणि पंच.

पहिल्यानं जन्म कळतो, दुसऱ्यानं घर कळतं, तिसऱ्यानं उद्योग कळत्यात.

आगाऊ | ५ ऑक्टोबर

बिडाचा_माणूस, तुम्ही बीडचे ना? मग कोल्हापूर कुठून आलं?

बिडाचा_माणूस | ५ ऑक्टोबर

बीड म्हंजे कास्ट आयर्न रे बाबा. बिडाचा तवा ऐकला न्हाईस का आयुष्यात.

हुरॉनकाठी | ७ ऑक्टोबर

दोन संध्याकाळी वायर ब्रश आणि डब्ल्यूडी-४० घेऊन बसलो. अहवाल असा:

डिस्ट्रिब्यूटरचं भोक मागे. लांब घंटा नाही. बोअर मोजला (व्हर्निअर मुलाच्या शाळेच्या किटमधला आहे, हसू नका), १०३.१ मिमी. सातांचा तेवढाच. उरलेला एक, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा पुढून तिसरा, त्यालाही तेवढंच भोक, पण वरच्या पृष्ठावर त्याच्याभोवती केसासारखी बारीक गोल रेघ दिसते. बाकीच्यांना ती रेघ नाही.

उठावाचे आकडे: ११ ८ ५६. म्हणजे ११ ऑगस्ट १९५६ का?

वरच्या पट्टीवर 'सीई ५७', मग आकडे, आणि आकड्यांच्या शेवटी पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण ठोकलेली! काका पत्ते फार खेळायचे. ही त्यांची खूण असेल का?

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | ७ ऑक्टोबर

शाबास. पुढचे आकडे इथे टाकले नाहीत ते बरं केलंत, टाकूही नका. जुन्या नंबरांची नक्कल ठोकून विकणारे महाभाग आहेत.

'सी' म्हणजे इम्पीरियल, ५७ म्हणजे १९५७ चं मॉडेल. त्या वर्षी क्रायस्लरच्याच न्यूयॉर्कर गाडीच्या इंजिनावर 'एनई ५७' असायचं आणि ३००-सी गाडीच्या इंजिनावर '३एनई ५७'. तुमचं इंजिन ३९२ आहे आणि ते जन्मलं क्रायस्लरच्या सगळ्यात महागड्या, बँकेच्या अध्यक्षानं मागे बसायच्या गाडीत. डेट्रॉइटच्या जेफरसन अव्हेन्यूवर बनायची ती. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत.

तारीख अमेरिकन आहे, महिना आधी. ८ नोव्हेंबर १९५६.

चौकटीबद्दल वाईट बातमी. ती काकांची नाही, कारखान्याची. टॅपेटची (वॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) भोकं ठरल्यापेक्षा मोठी झाली तर ०.००८ इंच मोठे टॅपेट बसवायचे आणि नंबरापुढे चौकट ठोकायची. क्रँकच्या बेअरिंगमध्ये फरक असेल तर माल्टीज क्रॉस, म्हणजे चार फाट्यांची फुली. सिलिंडर ०.०२० इंच मोठे असतील तर 'ए' अक्षर. पुढच्या मेकॅनिकला कळावं म्हणून.

पुणेरी_टोमणा | ७ ऑक्टोबर

म्हणजे कारखान्यात चूक झाली तर ती लपवायची नाही, उलट वर ठोकून ठेवायची. आमच्या बिल्डरला हे कळवा.

चौथा_गिअर | ८ ऑक्टोबर

बोअरचा हिशेब मी करतो. मूळ १०१.६, आता १०३.१. म्हणजे ४.०६० इंच, साठ थाऊ ओव्हर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मूळचा ३.९०६ इंच धरला तर ३९२ चं झालं सुमारे ४०४ घन इंच. आपल्या मापात साडेसहा लिटरच्या वर. माझी स्विफ्ट १.२ आहे.

एक प्रश्न. सिलिंडरच्या तोंडाभोवती, वरच्या सपाट भागावर, तार बसेल अशी खाच आहे का?

हुरॉनकाठी | ८ ऑक्टोबर

आहे! आठही सिलिंडरांना. मला वाटलं गॅस्केटचा ठसा असेल, पण नख अडकतंय.

चौथा_गिअर | ८ ऑक्टोबर

मग इंजिनावर ब्लोअर, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंप, होता हे जवळपास नक्की. ब्लोअरनं सिलिंडरमधला दाब इतका वाढतो की साधं हेड गॅस्केट फुटतं. म्हणून खाच पाडून त्यात तार बसवायची आणि वर तांब्याचं गॅस्केट. हेड आवळलं की तार तांब्यात रुतते. त्या काळी ब्लोअर म्हणजे बहुतेक जीएमसीचा ६-७१. मूळचा डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनावरचा, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. ट्रकबसचा पंखा काढून रेसच्या गाडीवर. जुगाड फक्त पंजाबात होतो असं कोण म्हणतं?

उंबरठा | ८ ऑक्टोबर

मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारू का? काकूंना विचारलंत का?

मुंबईचा_फार्गो | ९ ऑक्टोबर

क्रायस्लरचं नाव निघालं म्हणून लिहितो. क्रायस्लर आपल्या कुर्ल्यातही होती बरं का! वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायस्लरशी करार करून. १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडून बाहेर पडायच्या. फिएट नंतर आली. माझे आजोबा तिथे फिटर होते. आमच्या घरात अजून एक पाना आहे, त्यावर बोल्टाचं माप इंचात. एखाद वेळी असं एखादं हेमी सीएसटी रोडच्या भंगारातही निघेल!

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | ९ ऑक्टोबर

मुंबईचा_फार्गो, आजोबांना नमस्कार. पण त्या गाड्यांत मुख्यतः साधी सहा सिलिंडरची फ्लॅटहेड इंजिनं असायची. हेमीची वाट बघू नका.

हेमी मात्र भलत्याच ठिकाणी गेलं होतं. शीतयुद्धात क्रायस्लरनं हवाई हल्ल्याचा भोंगा बनवला, तो वाजवायला ३३१ हेमी, १८० अश्वशक्तीचं. शंभर फुटांवर १३८ डेसिबल. त्यातली इंजिनं पुढे रेसवाल्यांनी पळवली म्हणतात.

आगाऊ | ९ ऑक्टोबर

गिरणीच्या भोंग्याला व्ही-८ लावलं असतं तर लालबागला उठलेला माणूस कल्याणला कामावर गेला असता.

हुरॉनकाठी | ११ ऑक्टोबर

काल ब्लॉक उलटा केला (पाठवाला मित्र आला नाही, शेजारच्या मुलांना पिझ्झा दिला). तीन नव्या गोष्टी.

ड्रायव्हरच्या बाजूला, खालच्या अंगाला, हाताच्या पंज्याएवढं ठिगळ आहे. पितळेसारखा पिवळट सांधा. रेघवाल्या सिलिंडरच्या बरोबर खाली.

क्रँकच्या पाच कॅप जागच्या जागी आहेत. प्रत्येकीवर १ ते ५ आकडे ठोकलेले, वेडेवाकडे. म्हणजे बिडाचा_माणूस यांच्या तिसऱ्या जातीचे.

आणि मधल्या कॅपवर दोन अक्षरं: 'के बी'. काकांच्या नावाशी ही अक्षरं जुळत नाहीत.

चौथा_गिअर | ११ ऑक्टोबर

के बी??? थांबा थांबा. कीथ ब्लॅक!

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | ११ ऑक्टोबर

चौथा_गिअर, मीही खुर्चीतून उठलो, पण बसूया.

नवख्यांसाठी: कीथ ब्लॅक म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या साउथ गेटमधला इंजिनवाला. आधी स्पर्धेच्या बोटींची इंजिनं करायचा. १९६२ मध्ये ग्रीअर, ब्लॅक आणि प्रुडोम अशी तिघांची गाडी आली. पैसा ग्रीअरचा, इंजिन ब्लॅकचं, स्टिअरिंगवर डॉन प्रुडोम. इंजिन ३९२ हेमीच. त्या गाडीनं इतक्या शर्यती मारल्या की लोक अजून नाव काढतात. पुढे ब्लॅकनं अॅल्युमिनियमचे ब्लॉक काढले.

तर लोभ होणं स्वाभाविक आहे. पण के आणि बी ही दोन अक्षरं आहेत, सही नव्हे. मिशिगनच्या गॅरेजमधल्या इम्पीरियलच्या ब्लॉकवर कॅलिफोर्नियाच्या माणसानं कशाला अक्षरं ठोकावीत? आधी जवळचं बघा.

डॉ_लेथ | १२ ऑक्टोबर

उशिरा आलो. नाशिकला रिबोअरिंगचं दुकान होतं आमचं, आता मुलगा सीएनसी चालवतो. ठिगळ आणि रेघ या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात, त्या एकच आहेत.

ड्रायव्हरच्या बाजूचे सिलिंडर पुढून १, ३, ५, ७. तिसरा म्हणजे पाच नंबर. पाच नंबरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, तुटला. तुटलेला रॉड क्रँकबरोबर फिरत राहतो, आधी सिलिंडरची भिंत फोडतो, मग ब्लॉकची भिंत फोडून बाहेर डोकावतो. भोकाला ब्रेझिंगनं, म्हणजे पितळ वितळवून, ठिगळ लावलं. सिलिंडर मोठा बोअर करून त्यात लायनर, म्हणजे नवी नळी, ठोकला आणि लायनरला बाकी सातांच्या मापाचा बोअर दिला. तुम्हाला दिसतेय ती केसाची रेघ म्हणजे लायनर आणि मूळ बीड यांचा सांधा.

आता महत्त्वाचं. बीड ब्रेझ करायचं तर आधी सावकाश तापवावं लागतं आणि त्याहून सावकाश निववावं लागतं. घाई केली की शेजारी दुसरी चीर जाते. त्या ठिगळाच्या आसपास चीर आहे का?

हुरॉनकाठी | १२ ऑक्टोबर

भिंग लावून पाहिलं. एकही नाही.

डॉ_लेथ | १२ ऑक्टोबर

मग करणारा हात कसलेला होता. लायनर वरच्या पातळीशी सपाट आहे ना? नखानं तपासा. आणि ती तारेची खाच लायनरच्या कडेवरून सलग गेलीय का?

हुरॉनकाठी | १२ ऑक्टोबर

सलग. नख अजिबात अडखळत नाही, फक्त डोळ्यांना रेघ दिसते.

डॉ_लेथ | १२ ऑक्टोबर

दंडवत.

चौथा_गिअर | १३ ऑक्टोबर

गार्लिट्सचा मुद्दा निकालात काढू. ठिगळ लावून, लायनर ठोकून हा ब्लॉक परत वापरला. गार्लिट्ससारख्या पूर्णवेळ रेसवाल्याला ही मेहनत परवडणार नाही, तो भंगारातून दुसरा ब्लॉक आणणार. दुसरं, आतल्या पाण्याच्या वाटांत गंज आणि खर, म्हणजे क्षारांचा थर, आहे का? असेल तर ही गाडी रेडिएटर लावून धावली. ड्रॅगस्टरला रेडिएटर नसतो. काही सेकंदांची धाव, इंजिन तापायच्या आत संपते.

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | १३ ऑक्टोबर

हा पुरावा कच्चा आहे. रेडिएटर नसला तरी ब्लॉकमध्ये पाणी भरून पळवायचे. शिवाय खर इम्पीरियलमध्ये असतानाचीही असू शकते. निष्कर्ष पटतो, कारण पटत नाही.

आणि 'भंगारातून दुसरा आणणार' हे मात्र सोळा आणे. तेच समजून घ्यायला हवं. हे ब्लॉक खर्ची पडायचे. एका गाडीत हंगामात दोन-तीन लागायचे आणि एक ब्लॉक आयुष्यात तीन गाड्यांत फिरायचा. इम्पीरियल, न्यूयॉर्कर या श्रीमंतांच्या गाड्या साठच्या दशकात जुन्या होऊन भंगारात यायला लागल्या आणि रेसवाल्या पोरांचं फावलं. म्हणून '५७ च्या इंजिनानं '७० पर्यंत राज्य केलं. शेवटी भंगारातही मिळेनात, तेव्हा १९७१ मध्ये एड डोनोव्हननं याच ३९२ च्या घडणीवर ४१७ घन इंचांचा अॅल्युमिनियमचा ब्लॉक काढला.

त्यामुळे 'हे कुठल्या गाडीतलं' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. जन्म नंबरावरून कळला. पुढचं बिडावर लिहिलेलं नसतं, ते कागदावर नाहीतर माणसांकडे असतं. वेळेच्या चिठ्ठ्या, जुने फोटो, मशीन शॉपची बिलं. क्रायस्लरच्या इतिहास विभागाकडे जुन्या गाड्यांची बिल्ड कार्डं आहेत, पण ती गाडीच्या सिरीयल नंबरावरून काढतात आणि तुमच्याकडे आहे इंजिनाचा नंबर. ती वाट कठीण.

भिंतीवरचा फोटो कुठे आहे?

हुरॉनकाठी | १३ ऑक्टोबर

फोटो काकूंनी नेला. आठवतंय ते असं: जुनी बसकी कूप गाडी, पुढून उचललेली, बॉनेट नाही, काका टेकून उभे. मागे 'डेट्रॉइट ड्रॅगवे'ची पाटी.

कॅलिफोर्नियातला_कोकण्या | १३ ऑक्टोबर

पुढून उचललेली जुनी कूप, ब्लोअर, पेट्रोल: हा 'गॅसर' वर्ग. बहुतेक १९३३ ची विलिस कंपनीची कूप असेल, गॅसरवाल्यांची आवडती. डेट्रॉइट ड्रॅगवे म्हणजे सिब्ली आणि डिक्स रस्त्यांच्या कोपऱ्यावरची पट्टी. १९५९ आणि ६० ची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली होती.

उंबरठा | १४ ऑक्टोबर

पुन्हा विचारते. काकूंना विचारलंत का? 'माणसांकडे असतं' म्हणून सगळे मान डोलवताय आणि त्या गॅरेजच्या घरात पन्नास-साठ वर्षं राहिलेलं माणूस दोन तासांवर आहे.

हुरॉनकाठी | १४ ऑक्टोबर

उंबरठाताई, काकूंना कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं होत नाही. आणि खरं सांगू, त्यांना इंजिनातलं काय माहीत असणार असं वाटलं. त्या गॅरेजमध्ये लिंबू सरबत घेऊन यायच्या तेवढंच आठवतं. थँक्सगिव्हिंगला जमलं तर जातो.

उंबरठा | १४ ऑक्टोबर

माझी आई तीस वर्षं बाबांच्या प्रेसमध्ये खिळे जुळवायची. लोकांना ती चहा आणतानाच आठवते.

पुणेरी_टोमणा | १५ ऑक्टोबर

गरम चर्चा. मध्येच एक माहिती: शर्ली मल्डाउनी नावाच्या बाईनं १९७७, ८० आणि ८२ असं तीनदा टॉप फ्युएलचं, म्हणजे ड्रॅग रेसच्या सगळ्यात वेगवान वर्गाचं, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. आम्हीही अधूनमधून उपयोगी लिहितो.

आगाऊ | २ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. ब्लॉकवर पणत्या लावल्या का?

हुरॉनकाठी | ३ नोव्हेंबर

लावल्या. आठ सिलिंडर, आठ पणत्या. हिनं फोटो काढून माहेरच्या गटावर टाकला, आता सासुरवाडीला वाटतं आम्ही नवीन होमकुंड घेतलं.

हुरॉनकाठी | ३० नोव्हेंबर

काकूंकडे जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, माफ करा.

मी मोबाइलवर फोटो नेले होते. मोठे करून दाखवत होतो. इम्पीरियलचा नंबर, ठिगळ, सगळं. त्या काही बोलेनात. मधल्या कॅपचा फोटो आला तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बी तिरका आलाय. तेव्हाही तिरकाच आला होता."

के बी म्हणजे त्या. लग्नाआधीचं नाव. टोलिडोला त्यांच्या वडिलांचं मशीन शॉप होतं, ट्रॅक्टर आणि ट्रकांची इंजिनं रिबोअर करायचं. भाऊ नव्हता. शाळा सुटली की या बोअरिंग बारवर, म्हणजे सिलिंडर मोठा करायच्या यंत्रावर. काका तिथे गिऱ्हाईक म्हणून आले होते, हे इंजिन घेऊन. भंगारवाल्याकडून दीडशे डॉलरला घेतलेलं, मागून ठोकर बसलेल्या इम्पीरियलमधलं. साठ थाऊ बोअर त्यांनीच दिला. काका म्हणत होते आणखी वाढव, यांनी नाही म्हटलं, भिंत पातळ होईल म्हणून. त्यावरून पहिलं भांडण.

पाच नंबरचा रॉड १९६५ मध्ये डेट्रॉइट ड्रॅगवेवर तुटला. तोवर लग्न झालं होतं. गाडी '३३ ची विलिसच (कोकण्या, तुम्हाला जेवण लागू). काका म्हणाले टाकून देऊ, दुसरा ब्लॉक बघू. घरात पैसे नव्हते आणि मूल होणार होतं. यांनी वडिलांच्या दुकानात तो ब्लॉक कोळशाच्या शेगडीवर रात्रभर तापवला, ब्रेझ केला आणि चुन्याच्या पिंपात पुरून निववला. किती वेळ, विचारलं. तीन दिवस. सात महिन्यांचं पोट घेऊन लायनर त्यांनी स्वतः बसवला, बर्फात गार करून. पुढच्या हंगामात गाडी पळाली, मग मुलगी लहान म्हणून सगळं बंद. ब्लोअर आणि हेड विकली, ब्लॉक विकला गेला नाही, ठिगळ बघून कुणी घेईना.

अक्षरं मधल्याच कॅपवर का, असं विचारलं. तर म्हणाल्या, ऑइल पॅन, म्हणजे खालचं तेलाचं तबक, लावलं की दिसत नाहीत. वडिलांना आवडलं नसतं.

गार्लिट्स? काका एकदा त्याच्याशी हात मिळवून आले होते. पुतण्यानं लहानपणी ऐकलेली गोष्ट तेवढीच.

डॉ_लेथ | ३० नोव्हेंबर

चुन्यात तीन दिवस! बाईंना सांगा, नाशिकच्या एका म्हाताऱ्यानं नमस्कार सांगितलाय. आम्ही राखेत निववायचो.

बिडाचा_माणूस | १ डिसेंबर

मी म्हटलं हुतं न्हवं, तिसऱ्या जातीच्या अक्षरात उद्योग असत्यात.

चौथा_गिअर | १ डिसेंबर

कीथ ब्लॅकचा मुद्दा मी अधिकृतपणे मागे घेतो. उंबरठा यांना ८ ऑक्टोबरलाच उत्तर ठाऊक होतं.

उंबरठा | १ डिसेंबर

ठाऊक नव्हतं. विचारलं फक्त.

हुरॉनकाठी | १ डिसेंबर

संपादक, शीर्षकात 'काकांचं' आहे ते 'काकूंचं' करता येईल का?

संपादक | २ डिसेंबर

सात दिवसांनंतर शीर्षक बदलता येत नाही. क्षमस्व.

पुणेरी_टोमणा | २ डिसेंबर

एक चौकट ठोका शेवटी.

बिडाचा_माणूस | ३ डिसेंबर

ते ऱ्हाऊ दे. तिकडं बर्फ पडायला लागलं असंल. बोअरला तेल लावलंस का, भावा? गंज धरंल.

हुरॉनकाठी | ३ डिसेंबर

लावलं. निघताना काकूंनी तेच विचारलं होतं, दारातून दोनदा.